मिरजेतला पेरभर सिग्नल

मिरज स्टेशन हे बहुतेक प्रवाशांच्या आठवणीत गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून असते. पुण्याहून आलेला माणूस इथे बेळगावची गाडी पकडतो, कोल्हापूरचा माणूस पंढरपूरची वाट पाहत चहा घेतो. गाव बघायला म्हणून फारसे कुणी उतरत नाही. आम्हीही पूर्वी दोन-तीनदा मिरजेच्या फलाटावर असेच ताटकळलो होतो. या वेळी मात्र मुद्दाम उतरलो. निमित्त होते एका सिग्नलचे, आणि तोही बोटाच्या पेराएवढ्या.

एका परिचितांनी सांगितले होते, "आमच्या गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी घरात स्टेशन बांधलंय. त्यात एकही गाडी चालत नाही, पण सिग्नल सगळे चालतात."

गाडी नसलेल्या स्टेशनात सिग्नल कशाला, हा प्रश्न आमच्याप्रमाणे तुम्हालाही पडला असेल. त्याचे उत्तर मिळवायला आधी थोडे मिरज समजून घ्यायला हवे.

तीन रुळांचे गाव

पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकात मिरजेपर्यंत आला. कोल्हापूरचा फाटा १८९१ मध्ये सुरू झाला. पुढे १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी चिमुकली गाडी पंढरपूरकडून मिरजेला येऊन टेकली. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, पण बेळगावकडचा मार्ग मीटरगेजच राहिला. त्यामुळे १९७१ पासून नव्वदच्या दशकापर्यंत मिरजेत तिन्ही मापांचे रूळ शेजारी शेजारी होते. साडेपाच फूट, एक मीटर आणि अडीच फूट! पुण्याच्या गाडीतून उतरायचे, सामान डोक्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या मापाच्या गाडीत चढायचे, हा त्या काळातल्या मिरजेचा नित्यनेम होता. नव्वदच्या दशकात बेळगावकडचा मीटरगेज गेला आणि नंतर पंढरपूरची छोटी गाडीही गेली. आता सगळे रूळ एकाच मापाचे आहेत. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन निघालेली दहा वाघिणींची गाडी इथूनच सुटली, हे वाचकांना आठवत असेल. त्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी गेले होते.

आमचे काका याच बेळगावकडच्या मीटरगेजवर सिग्नल खात्यात मेस्त्री होते. वय आता ७७. अंगात पांढरा सदरा, लेंगा आणि डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. दारात पोहोचलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी वेळेवर होती?" रेल्वेच्या माणसाची सवय!

माडीवर दोन टेबले जोडून त्यावर आठ फूट लांबीची फळी ठेवलेली. फळीवर फलाट, कौलारू इमारत, पाण्याची टाकी, लिंबाचे झाड आणि दोन रूळ. मुख्य रुळावर लाकडात कोरलेले एक इंजिन आणि दोन डबे उभे आहेत. ते ढकलावे लागतात.

"हे कुठलं स्टेशन काका?" आम्ही विचारले.

"कृष्णा ओलांडायच्या आधीचं एक. नाव लिहू नका. आता तिथं जाल तर यातलं काहीच दिसायचं नाही. म्हणून तर बांधलं."

प्रमाण एकास सत्त्याऐंशी. जगभरचे हौशी लोक हेच प्रमाण सर्वांत जास्त वापरतात. खरा एक फूट म्हणजे प्रतिकृतीतले साडेतीन मिलिमीटर. मीटरगेजचा रूळ या प्रमाणात साधारण बारा मिलिमीटर रुंद होतो. सिग्नलचा चार फुटी हात, ज्याला रेल्वेत सगळे 'आर्म' म्हणतात, तो होतो चौदा मिलिमीटरचा. रुंदी जेमतेम तीन. पंचवीस फुटी खांब नऊ सेंटिमीटरचा.

"अंतर मात्र प्रमाणात धरता येत नाही," काका हसून म्हणाले. "आउटर सिग्नल स्टेशनपासून अर्धा किलोमीटर धरला, तर इथं पावणेसहा मीटरवर जाईल. म्हणजे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात!"

तारा सतारीच्या, सिग्नल रेल्वेचा

मिरजेची दुसरी ओळख म्हणजे तंतुवाद्ये. पूर्वी हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतारी आणि तानपुरे करायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. पंढरपूर भागातून येणारे भोपळे, त्यांवर बसवलेल्या लाकडी तबकड्या, नक्षीच्या पट्ट्या आणि वर चकचकीत पॉलिश, हे काम आजही या गल्ल्यांत बघायला मिळते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या गल्लीचा आणि काकांच्या स्टेशनाचा जवळचा संबंध आहे. खऱ्या सिग्नलला केबिनपासून लोखंडी तार गेलेली असते. खटका ओढला की तार ताणते आणि हात खाली येतो. काकांच्या सिग्नलला ओढायला सतारीची पोलादी तार आहे. कानशी आणि बारीक करवतीची पातीही सतारमेकर मित्राकडूनच आलेली. "तो म्हणतो, तुझ्या सिग्नलातून सूर निघतो का बघ," काका सांगत होते.

फळीच्या कडेला खटके ओळीने बसवलेले. आम्ही एक ओढून पाहिला. खांबावरचा तांबडा हात टुकदिशी खाली झुकला. आपल्याकडे 'सिग्नल पडला' म्हणजे गाडी आली, हा वाक्प्रचार इथूनच आला आहे. खटका सोडताच हात परत आडवा झाला.

"तार तुटली तरी आडवाच होणार," काका म्हणाले. "मागं वजन आहे ना! सिग्नलची पहिली अट हीच. बिघडला तर थांबवण्याच्या बाजूला बिघडला पाहिजे."

रेल्वेवर असा हातवाला सिग्नल प्रथम उभा राहिला तो लंडनजवळ न्यू क्रॉस इथे, १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला. पण काका म्हणतात ती अट शिकायला जगाला मोठी किंमत मोजावी लागली. इंग्लंडमध्ये १८७६ च्या जानेवारीत अ‍ॅबट्स रिप्टन इथे बर्फाने सिग्नलचे हात 'मोकळा' या स्थितीतच अडकले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर सिग्नलच्या रचनेत अनेक सुधारणा झाल्या.

आधी पांढरा, मग तांबडा

काकांच्या स्टेशनाला एकूण बारा आर्म हवेत. दोन्ही दिशांना एकेक आउटर, त्याच खांबावर खाली वॉर्नर, मग होमच्या खांबावर मुख्य रुळाचा उंच आणि लूपचा ठेंगणा असे दोन, आणि तसेच दोन स्टार्टर. आम्ही गेलो तेव्हा दहा लागले होते. वॉर्नरचे दोन राहिले होते आणि त्यांचे रंगकाम त्या दुपारी चालू होते.

रंगकाम करत होती काकांची नात. इयत्ता सातवी. काका शेजारी बसून सूचना देत होते. घरातल्या मुलांसाठी असा एखादा उद्योग करून बघायचा असेल, तर त्यांची रीत नोंदवून ठेवावी अशी आहे.

आर्म पातळ पितळी पत्र्याचा. कापून झाल्यावर कडा कानशीने साफ करायच्या. मग चिंचेने घासून, धुऊन, कोरडा करायचा. देवाची भांडी घासतो तसाच. बोटांचे तेल लागले तर रंग धरत नाही, म्हणून पुढे सगळे काम चिमट्याने. पहिला हात करड्या प्रायमरचा. तो वाळला की दोन्ही बाजूंनी पूर्ण पांढरा रंग.

"तांबडा आधी का नाही?" आम्ही विचारले.

उत्तर नातीने दिले, "तांबड्यावर पांढरा दिला की गुलाबी दिसतो. आणि पांढऱ्यावर तांबडा दिला की तांबडा जास्त खुलतो."

पांढरा रंग वाळला की टोकाजवळ चिकटपट्टीची बारीक चिंधी लावायची. जिथे पांढरा पट्टा राहायचा, तिथे. मग समोरची बाजू तांबडी करायची. एक जाड हात द्यायचा नाही, पातळ पातळ दोन द्यायचे. रंग पूर्ण कडक होण्याआधी पट्टी हळूच उचलायची, म्हणजे कड फाटत नाही. मागची बाजू पांढरीच राहते, तिच्यावर काळा पट्टा. तो रेघा मारायच्या जुन्या ड्रॉइंग पेनात पातळ केलेला काळा रंग भरून ओढायचा.

वॉर्नरचे काम जास्त किचकट. त्याचे टोक माशाच्या शेपटीसारखे खाचेचे आणि पांढरा पट्टाही त्याच खाचेला समांतर, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. तीन मिलिमीटर रुंदीत तो व्ही दोन्ही बाजूंनी सारखा यायला हवा. नात श्वास रोखून पट्टी लावत होती. दोनदा चुकली, दोनदा काढली. काका एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी बिनचमकेचे वॉर्निश. नव्या रंगाची चकाकी इतक्या लहान वस्तूवर खेळण्यासारखी दिसते. खऱ्या आर्मचा रंग उन्हाने विटलेला असतो. म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेले आर्म काकांनी किंचित फिकट ठेवले आहेत. दिव्याच्या वर खांबाला पेन्सिलीच्या पुडीची काजळी चोळली आहे. एका खांबाच्या टोकावर पांढरा ठिपकाही आहे. "तिथं एक कावळा बसायचा," काका म्हणाले. "रोज."

फुटलेली काच

गेल्या वर्षीपर्यंत हे सगळे काम काका स्वतःच करत असत. मग एके दिवशी नात म्हणाली, "आजोबा, या सिग्नलचा पांढरा निळसर का दिसतो?" काकांना तो शुभ्र दिसत होता. उलट बाटलीतला साधा पांढरा रंग त्यांना पिवळट वाटायचा, म्हणून ते त्यात निळीचा थेंब घालत होते. सूनबाईंनी बघितले, मुलाने बघितले. सगळ्यांनी नातीच्याच बाजूने मत दिले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट होत जाते आणि माणूस जणू पिवळ्या काचेतून जग बघतो. हे इतके हळूहळू घडते की त्याचे त्याला कळतही नाही.

सिग्नल खात्यातल्या माणसाला रंग ओळखता आला नाही, तर त्याला कामावर ठेवत नाहीत. नोकरीभर ठराविक मुदतीने ती परीक्षा देऊन पास झालेल्या माणसाला, सातवीतल्या नातीने नापास केले होते. काका महिनाभर माडीवर गेलेच नाहीत, असे काकूंनी आम्हाला हळू आवाजात सांगितले. शस्त्रक्रियेचे नाव काढले की ते विषय बदलत.

"रंगाचं एवढं मनाला का लावून घेतलंत काका?" आम्ही विचारले.

काकांनी कपाटातून एक पत्र्याची डबी काढली. आत कापसात दोन काचा होत्या. एक अखंड. दुसरी तांबडी, अर्धी फुटलेली.

सिग्नलच्या हाताला मागच्या टोकाशी दोन गोल काचांची चौकट असते. हात आडवा असला की रॉकेलच्या दिव्यासमोर तांबडी काच येते, झुकला की दुसरी. रात्री गाडीवाल्याला हात दिसत नाही, दिव्याचा रंगच दिसतो.

"ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जुलै महिना. संध्याकाळी होम सिग्नलची तपासणी करताना या काचेला तडा दिसला. पाऊस मी म्हणत होता. म्हटलं, उद्या सकाळी बदलू. रात्री काचेचा तुकडा पडला. आत मुख्य रुळावर मालगाडी उभी. पॅसेंजर आउटरवरून हळूहळू होमपर्यंत आली. खांबावर दोन दिवे. लूपचा तांबडा, आणि मुख्य रुळाचा पांढरा!"

पूर्वी इंग्लंडमध्ये पांढरा दिवा म्हणजे 'रस्ता मोकळा' असाच अर्थ होता. तांबडी काच फुटली की धोक्याचा सिग्नल आपोआप मोकळा दिसायचा. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा सोडून हिरवा रंग मोकळ्या रस्त्यासाठी पक्का झाला. आणि जिथे रंगीत दिवा हवा तिथे पांढरा दिसला, तर तो थांबण्याचाच इशारा समजायचा, असा नियम आहे.

"ड्रायव्हरनं नियम पाळला. गाडी उभी केली आणि लांब शिटी मारली. ती शिटी मी अंथरुणात ऐकली. धावत गेलो. काही झालं नाही. कुणाला लागलं नाही. पण झालं नाही ते त्याच्यामुळे. माझ्यामुळे नाही."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी घरात कुणाला सांगितले नव्हते. काकू दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी काकांचा कप आधी भरला.

निरंजनाच्या उजेडात

आर्मच्या चौकटीतल्या काचा बसवायचे काम संध्याकाळी झाले. दीड-दोन मिलिमीटरच्या भोकात खरी काच कशी बसणार? त्यासाठी टाचणीच्या टोकाने फेव्हिकॉलचा थेंब भोकात पसरवायचा. तो वाळला की पारदर्शक होतो. मग त्यावर काचेवर चित्रे काढायचा रंग द्यायचा. एक भोक तांबडे झाले. दुसऱ्यासाठी काकांनी बाटली पुढे केली.

"आजोबा, हा निळा आहे," नात म्हणाली.

"मला माहीत आहे."

"नाही, तुम्हाला तो हिरवा दिसतोय. सिग्नल हिरवा असतो."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. सूनबाई काहीतरी बोलणार होत्या. काका उठले, डबीतली अखंड काच घेतली आणि नातीचा हात धरून तिला खाली देवघराशी घेऊन गेले. काकूंनी नुकतेच निरंजन लावले होते.

"ही काच कुठल्या रंगाची?"

नातीने ट्यूबलाइटच्या उजेडात बघितली. "निळसर."

काकांनी ट्यूबलाइट बंद केली आणि काच निरंजनासमोर धरली. ज्योत स्वच्छ हिरवी दिसू लागली.

"रॉकेलची ज्योत पिवळी असते," काका म्हणाले. "तिच्यापुढे हिरवी काच धरली तर उजेड पिवळट पडतो. म्हणून काच निळसर करायची. ज्योत आणि काच मिळून हिरवा होतो. तू बरोबर सांगितलंस, रंग निळाच आहे. आणि मीही बरोबरच काढला होता."

नात बराच वेळ काच मागे-पुढे करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आजोबा, तुमच्या डोळ्यात पण आता ज्योत आहे. पिवळी. म्हणून तुम्हाला निळा हिरवा दिसतो."

काका मोठ्याने हसले. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. "असं म्हण पाहिजे तर. पण ही ज्योत काढलेली बरी."

त्याच रात्री जेवताना त्यांनी मुलाला शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला सांगितले.

आम्ही निघालो तेव्हा काकांनी माडीवरचा दिवा घालवण्यापूर्वी सगळे खटके नीट मागे आहेत ना, ते एकेक करून तपासले. सर्व हात आडवे.

दीड महिन्यानंतर त्यांचा फोन आला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. "पट्टी काढल्यावर आधी माडीवर गेलो. पोरीचं खरं होतं. सगळे आर्म निळे पडलेत, लाज वाटली. आता एकेक काढून रंगवतोय. वॉर्नरचे दोन तेवढे तसेच ठेवलेत."

"ते का?"

"ते तिनं केलेत. त्यांत काढायला काही चूक नाही."

मिरजेला गेलात तर

पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही बाजूंनी मिरजेला रेल्वेने जाता येते. सांगली अगदी जवळ आहे. सतारमेकरांच्या गल्लीत सकाळच्या वेळी जावे, काम चालू असते. कारीगर कामात असतील तर विचारून मगच आत जावे. ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ इथे दरवर्षी गाणे होते. रेल्वेच्या प्रतिकृतींची आवड असलेल्या मुलांना पुण्यात कोथरूडला, कर्वे रस्त्यावरचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय जरूर दाखवावे. भाऊ जोशी यांनी वर्षानुवर्षांच्या छंदातून उभारलेले हे छोटे शहर १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तिथे गाड्या धावतातही. मात्र गाड्यांच्या मागे धावण्याआधी मुलांना एकदा सिग्नलपाशी थांबवा. ते मुद्दाम बघितल्याशिवाय दिसत नाहीत.